थांबलेल्या तबकडीवरची सुई

१

ठकीला दुपारी निजवलं की तिच्या आईला मोकळा वेळ मिळायचा, निदान लोकांना तसं वाटायचं. खरं म्हणजे चार शेंगा चिरून होईपर्यंत तिचा जीव वरखाली व्हायचा. सुरी ठेवायची, हात पुसायचे, घरातल्या बोळातून मागच्या खोलीत जायचं आणि ठकीच्या नाकाशी बोट धरायचं. बोटाला ऊब लागली की परत यायचं. ओट्यापाशी येईतो वाटायचं, ती ऊब आपल्याच बोटाची तर नव्हती? मग पुन्हा बोळ, पुन्हा बोट. संध्याकाळी नवरा चष्म्याच्या काचा घासायचं काम संपवून घरी यायचा तेव्हा भाजी अर्धी चिरलेली असायची. तो बोलायचा काहीच नाही. सुरी उचलून उरलेली चिरायला बसायचा. त्या न बोलण्यानं तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

सासरे होते तेव्हा असं नव्हतं. बाबा दुपारभर ठकीच्या पलंगाशी स्टूल टाकून बसत. जन्मभर त्यांनी दुकानांचे वजनकाटे दुरुस्त केले होते. बोटांना तेलाचा वास होता आणि कुठलीही गोष्ट सरळ आहे की नाही हे बघायची खोड होती. ही तिसऱ्यांदा डोकावली की ते मान न वळवता म्हणायचे, "मी बसलोय ना. तू तुझं आटप."

त्यांचा उजवा पाय लहानपणापासून आखूड. घराची जमीन फळ्यांची, त्यामुळे बाबा कुठे आहेत ते विचारावं लागत नसे. एक जड ठोका, मग काहीतरी घासत सरकल्यासारखं, मग एक हलका ठोका. जिन्यावरून तो आवाज आला की ठकी रांगत दाराशी जायची.

रांगतच. दीड वर्षाची होत आली तरी पोरगी पाय टाकेना. उभं केलं की गुडघे मऊ करायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाडं चांगली आहेत, प्रत्येकाची वेळ असते. वेळ असते हे तिलाही कळत होतं, पण रात्रभर ते कळून झोप लागत नव्हती. बाबांना मात्र घाई नव्हती. ते म्हणायचे, "पाय फुटू देत ठकीला. पहिल्या दिवशी मी तिला बोट धरून कोपऱ्यापर्यंत नेणार. तेव्हा कुणी मधे यायचं नाही."

ते राहून गेलं. थंडी पडायला लागली तेव्हाच्या एका संध्याकाळी बाबा नेहमीसारखे फिरायला गेले, कोपऱ्यावरच्या बाकावर टेकले आणि उठले नाहीत. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं, म्हाताऱ्याचा डोळा लागलाय.

२

बाबांच्या पलंगाखाली खोकी होती. रेकॉर्ड लावायचं यंत्र, पण दुकानात तयार मिळतं तसलं नव्हे. बाबांनी ते एकेक भाग पारखून घेतलं होतं. आधी जड पितळी थाळी, मग पुष्कळ दिवसांनी सुईची दांडी, सगळ्यात शेवटी सुई, तीही डबीत कापसात ठेवलेली, आणि सोबत एक निवडून ठेवलेली रेकॉर्ड. जोडलं मात्र नव्हतं. ठकी चालायला लागली की लावू, म्हणजे तिला नाचता येईल, असं म्हणायचे.

नवऱ्याच्या मनात आलं की आता ते लावावं. तो वडील गेल्यावर रडला नव्हता. खोकी बाहेर काढताना त्याचा चेहरा बघून ती म्हणाली, लावा, घरात आवाज होईल जरा.

यंत्र जोडायला दुकानाचा माणूस आला. त्याला सगळे कानसेन म्हणत. देह हा एवढा मोठा आणि कान मात्र पोराचे चिकटवल्यासारखे. आल्या आल्या त्यानं पुढच्या खोलीची जमीन पायानं दाबून बघितली आणि तोंड वाकडं केलं. मग गवंड्यांकडे असते तसली बुडबुड्याची पाणसळ थाळीवर ठेवून पायांचे स्क्रू फिरवत बसला. बुडबुडा मधोमध येईपर्यंत त्यानं कुणाला बोलू दिलं नाही. तिनं आपलं सुचवलं की एका पायाखाली कागदाची घडी सारली तर? कानसेन म्हणाला, कागदाची घडी घालणारी माणसं आहेत जगात, मी त्यांच्या घरी पाणी पीत नाही. नवरा पुष्कळ दिवसांनी हसला.

मग दांडीचं काम. दांडीच्या मागच्या टोकाला एक वजन असतं, ते फिरवत फिरवत अशा ठिकाणी आणायचं की दांडी वर जात नाही आणि खाली येत नाही, नुसती हवेत राहते. तशी ती राहिली, तेव्हा खोलीतली माणसंसुद्धा श्वास धरून उभी राहिली. पुढे सुईचा भार किती ठेवायचा ते मोजायला कानसेननं खिशातून बटण दाबलं की आकडा दाखवणारा छोटा काटा काढला. नवरा उठला आणि आतून बाबांचा नखाएवढ्या वजनांचा तराजू घेऊन आला. यानं मोजू या, म्हणाला. कानसेननं आपला काटा मुकाट्यानं खिशात ठेवला. एका पारड्यावर सुई टेकली, दुसऱ्यात नवऱ्यानं चिमट्यानं वजन ठेवलं. पारडी स्थिर होईपर्यंत त्यानं चिमटा खाली ठेवला नाही.

रेकॉर्ड लावली. तंतुवाद्याचे पहिले सूर आले आणि ती चहा घेऊन आत आली, तशी सुई टुणकन उडाली.

कानसेननं हात वर केला. "वहिनी, आहात तिथेच उभ्या राहा."

त्यानं थाळी थांबवली. थांबलेल्या तबकडीवरच सुई टेकवली, आवाज मोठा केला आणि म्हणाला, आता चाला. ती चालली. स्पीकरमधून धप्, धप् असे आवाज आले, कुणी हत्ती घरात शिरावा तसे. तिला लाजल्यासारखं झालं. कानसेन म्हणाला, यात तुमचा दोष नाही, जमीन बोलकी आहे. सुईला गाणं आणि पाऊल यातलं काही कळत नाही, जे हलतं ते ती सांगते. यावर औषध एकच. यंत्राखाली रबराच्या गोळ्यांवर दगडाची जाड लादी घालायची. मग घरात कुस्ती खेळलात तरी तिला पत्ता लागणार नाही. लादी रविवारी आणून देतो. तोवर अशी थांबलेल्या तबकडीवर सुई ठेवू नका, सुईचं टोक जातं.

तो हे बोलत असताना सुई तशीच टेकलेली होती. स्पीकरमधून बारीक करकर आली, आणि त्यामागून एक मऊ, लांब आवाज. मागच्या खोलीत ठकीनं कूस बदलली होती, आणि सुस्कारा टाकला होता.

चहाचा पेला हातात तसाच धरून ती त्या स्पीकरकडे बघत राहिली.

३

दुसऱ्या दिवशी नवरा कामावर गेला, ठकी निजली, तशी ती यंत्रापाशी गेली. चोरी करायला निघाल्यासारखं तिनं एकदा दाराकडे बघून घेतलं. बघून बघून तिला सगळं आलं होतं. थाळी फिरवायची नाही. बाजूची कळ खाली केली की दांडी हळूच उतरते. मग आवाज वाढवायचा.

आधी नुसती खरखर. मग पलंगाच्या कठड्याची कुरकुर, ठकीचा पाय गादीवर आपटल्याचा मऊ ठोका. तिनं डोळे मिटून ऐकलं. भिंतीपलीकडे जाऊन बोट धरायची गरजच नव्हती. त्या दुपारी तिनं भाजी चिरली, फोडणीला टाकली, कपडे वाळत घातले, स्वतः बसून जेवली. नवरा घरी आला तर घर कसं लख्ख. त्यानं विचारलं, आज कुणी पाहुणे येणारेत का? ती म्हणाली, का, आपण माणसं नाही? सुईचं काही सांगितलं नाही. टोक जातं हे ठाऊक होतं. पण लेकराच्या श्वासापुढे सुईचं टोक ते काय.

असे थोडे दिवस गेले, आणि एका दुपारी ती ओट्याशी उभी असताना स्पीकरमधून ठोका आला.

जड. मग घासत सरकल्यासारखं. मग हलका.

तिच्या हातातलं भांडं हातातच राहिलं. पुन्हा तसंच. जड, सरकता, हलका. घाई नव्हती त्यात. बोळाच्या बाजूनं निघून पावलं पलंगापाशी गेली आणि थांबली. मग लाकूड करकरलं, स्टुलावर एखादा भारदस्त माणूस बसावा तसं.

ती धावली. खोलीत कोणी नव्हतं. पलंगाशी स्टूल होतं, रिकामं. बाबा गेल्यावर ते तिथून कुणी हलवलंच नव्हतं. ठकी झोपेत हसत होती. तिच्या नाकाशी बोट धरलं, ऊब होती.

परत पुढच्या खोलीत येऊन ती भिंतीला टेकून खाली बसली. तरी खरं सांगायचं तर भीतीच्या खाली आणखी काहीतरी होतं. उन्हातून आल्यावर माठाला हात लागावा तसं. कुणीतरी बसलेलं होतं. तिनं उरलेली भांडी घासली आणि त्या दुपारी एकदाही उठून बघायला गेली नाही.

४

मन मात्र गप्प बसत नव्हतं. ते वकिलासारखं उलटतपासणी घ्यायचं. खाली कागदाचं गोदाम आहे, तिथे गठ्ठे सरकवत असतील. ती खाली जाऊन विचारून आली. गोदाम दुपारी बंद असतं, चावी मालकाच्या कमरेला. नळाचे पाइप धडधडत असतील. तिनं नळाची मुख्य तोटी बंद करून बघितली. पावलं आली ती आलीच.

मग तिला बाबांचे जोडे आठवले. उजव्याचा तळ जाड केलेला, खास करून घेतलेला. दाराजवळच्या फळीवर ते अजून होते. त्यांच्यावर धूळ बसली होती, बोटानं नाव लिहिता येईल इतकी. तिला हायसं वाटलं. मग फळीपासून वळता वळता मनात आलं, घरात जोडे घालून कोण चालतं? बाबा तर ते नेहमी दारातच काढायचे.

ती कुणाला बोलली नाही. बोलणार काय, आणि कशाला? पावलं येत, स्टूल करकरे, दुपार शांत जाई. हळूहळू तिला त्या आवाजाची सवय झाली. कधी यायला उशीर झाला तर ओट्याशी तिचेच कान टवकारत. एकदा तर तिच्या तोंडून निघून गेलं, आलात का. बोलल्यावर स्वतःचंच हसू आलं आणि अंगावर काटाही आला.

पुढे पावलं पलंगाशी बसून राहीनात. उठून खिडकीपर्यंत जात, परत येत. मग खिडकीपासून दारापर्यंत. ती ऐकत ऐकत काम करायची. आणि अशाच एका दुपारी त्या जड नि हलक्या ठोक्यांच्या मधे तिला आणखी एक आवाज ऐकू आला. टप. मग बऱ्याच वेळानं, टप टप. मऊ, ओल्यासारखा. पीठ मळताना परातीवर तळवा पडावा तेवढाच.

बोळातून ती कशी गेली ते तिलाच कळलं नाही. ठकी पलंगात होती. कठडा वर चढवलेला, खिट्टी लावलेली, पोरगी गाढ झोपलेली. आपलेच कान वाजले असं म्हणत ती पांघरूण नीट करायला वाकली.

आंघोळीनंतर ठकीला तिनं जमिनीवर ठेवलंच नव्हतं. न्हाणीतून पलंगात, कडेवरूनच. आणि ठकीचे दोन्ही तळपाय धुळीनं काळे झाले होते.

५

पायांची बोटं पुन्हा पुन्हा पुसत ती ते तळपाय धूत बसली. आणि मग तिला बाबांचं बोलणं आठवलं, जसंच्या तसं. पहिल्या दिवशी मी तिला कोपऱ्यापर्यंत नेणार.

कोपऱ्यापर्यंत. त्या बाकापर्यंत.

इतके दिवस ज्या आवाजाच्या भरवशावर ती भांडी घासत होती, तोच आवाज रोज थोडा थोडा दाराकडे सरकत होता. आधी पलंग, मग खिडकी, मग खोलीचं दार. पुढे बोळ, त्यापुढे पुढची खोली, जिना, रस्ता. बाबांनी कुणाचं वाईट कधी चिंतलं नव्हतं, आणि ठकीवर तर त्यांचा जीव. जीव होता हीच तर भीती होती.

त्या संध्याकाळी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. सुईचंही. त्यानं हसण्यावारी नेलं नाही, रागावलाही नाही. यंत्रापाशी गेला, थांबलेल्या तबकडीवर सुई ठेवली. दोघं ऐकत बसली. त्यांच्याच हालचालींची खरखर आली, दुसरं काही नाही. तो म्हणाला, तुला विश्रांती नाही, दिवसभर एकटी असतेस, मी सुट्टी घेतो थोडे दिवस. तळपायांचं म्हणशील तर पलंगातच मळले असतील. ती म्हणाली, बाबा दुपारचेच बसायचे, आत्ता कसे येतील.

त्यानं सुई उचलली. मग म्हणाला, "बाबा गेले गं. तू त्यांना जाऊ देत नाहीयेस."

हे तिला लागलं. कारण तो स्वतः रोज रात्री तो तराजू काढून पुसतो, हे तिनं बघितलं होतं.

रविवारी सकाळी कानसेन लादी घेऊन आला. दोन हमाल, वर कानसेन स्वतः, जिना चढून तिघंही घामाघूम. लादी भिंतीला टेकवून ठेवली, रबराचे गोळे टेबलावर मांडले. यंत्र उचलून खाली सारायची तेवढी राहिली, ते तुम्ही दोघं मिळून कराल, पण बुडबुडा मधोमध आणा असं बजावून, पाणसळ मागे ठेवून तो गेला. नवऱ्यानं बाह्या सरसावल्या. ती यंत्रासमोर उभी राहिली.

नको, म्हणाली. लादी घातली की सुईला काही ऐकू येणार नाही.

त्यानं विचारलं, अगं, त्यासाठीच तर आणली ना?

"मग मला कसं कळणार," ती म्हणाली, "ते तिला कधी नेतायत ते?"

त्यानं तिच्याकडे नीट बघितलं. डोळ्यांखालची काळी वर्तुळं, चिरांनी भरलेली बोटं. मग बाह्या खाली केल्या. म्हणाला, एवढी दुपार आपण दोघं ऐकू. काही आलं नाही तर संध्याकाळी लादी घालायची, आणि तू डॉक्टरीणबाईंकडे स्वतःसाठी यायचं. ती हो म्हणाली. ठकीला आत निजवून कठडा वर केला, खिट्टी दोनदा तपासली.

६

नवरा घरी असला की दिवसा दार उघडंच असायचं. त्या दुपारीही होतं. तो स्पीकरशेजारी जमिनीवर बसला, ती बाहेरच्या दाराजवळ, बोळाकडे तोंड करून. रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी दुरुस्त करत होतं, ती मधूनच वाजायची. बाकी सगळं सुस्त. नवऱ्याला पेंग येऊ लागली.

जड. सरकता. हलका.

तो ताठ झाला. ती त्याच्याकडे बघत होती, स्पीकरकडे नाही. त्याचे ओठ उघडले आणि तसेच राहिले. हा आवाज ओळखायला त्याला दुसऱ्यांदा ऐकावा लागला नाही. लहानपणापासून जिन्यावर याच आवाजाची तो वाट बघत आला होता.

पावलं पलंगाशी गेली. या वेळी स्टूल करकरलं नाही. खिट्टीचा टक् असा आवाज आला. मग टप. टप टप.

नवरा उठू लागला, तसं तिनं हातानं त्याला थांबवलं. का थांबवलं ते तिला नंतरही सांगता आलं नाही. आवाज मागच्या खोलीच्या दारापर्यंत आला, आणि या वेळी तिथे न थांबता बोळात शिरला.

आणि बोळात तिला ठकी दिसली.

पोरगी चालत होती. गुडघे मऊ नव्हते, पाय ताठ, पोट पुढे काढून, एकेक पाऊल जपून टाकत. तिचा एक हात सरळ वर होता, डोक्याच्याही वर, आणि मूठ मिटलेली. मोठ्या माणसाचं बोट धरावं तशी. नजर आईकडे नव्हती. वर, शेजारी, उंच कुणाकडे तरी बघत ती हसत होती. बोळात फक्त तिच्या पावलांचा टप टप. बाकीची पावलं पुढच्या खोलीतून येत होती, स्पीकरमधून. दोन पावलं टाकली की ती क्षणभर थांबायची, शेजारच्याला एक पाय ओढून घ्यायला जेवढा वेळ लागेल तेवढीच, आणि मग पुढे.

तिची लेक चालत होती. इतके महिने ज्यासाठी डोळ्यांत प्राण आणले, ते समोर घडत होतं, आणि तिला आनंद करायला जागा मिळत नव्हती.

ती उंबऱ्यात आडवी उभी राहिली. ठकी तिच्या पायांशी येऊन थांबली. वर धरलेला हात मात्र थांबला नाही. तो आईच्या कमरेजवळून पुढे गेला, उंबऱ्याबाहेर ताणला गेला, आणि पोरीचा ओठ रडव्याचा झाला. तेलाचा वास आला, अगदी बारीक. कुणी मधे यायचं नाही, असं बाबा म्हणाले होते. ते थट्टेत म्हणाले होते, पण दिलेला शब्द त्यांनी थट्टेतलाही कधी मोडला नव्हता.

तिनं खाली बसून ठकीचा दुसरा हात धरला.

"बाबा," ती म्हणाली, "एकटीला नाही न्यायचं. मीपण येते."

जिना उतरायला खूप वेळ लागला. दर पायरीवर ठकी थांबायची, शेजारी बघायची, मग पुढचा पाय. मधे ठकी, एका बाजूला ती. दुसऱ्या बाजूला तिनं बघितलं नाही. रस्त्यावर ऊन उतरलं होतं. सायकलवाल्यानं मान वर करून बघितलं आणि कौतुकानं म्हणाला, वा, चालायला लागली की. इस्त्रीच्या दुकानावरून, रंग उडालेल्या फाटकावरून ती पुढे गेली. आपलीही चाल एवढी सावकाश कधी झाली, ते तिच्या लक्षात आलं नाही.

कोपरा दिसला. बाक दिसला. बाकावर पारवे बसले होते, एकमेकांना चिकटून, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

बाकाच्या अलीकडे विजेचा खांब होता. तिथे ती थांबली.

ठकीचा वरचा हात पुढे ताणला गेला. इकडचा हात तिच्या हातात. पोरगी मधे, दोन्ही हात पसरलेली, आणि मूठ सुटत नव्हती. आपण ओढलं तर त्या इवल्या खांद्याचं काय होईल, एवढंच तिच्या डोक्यात होतं. म्हणून तिनं ओढलं नाही. ती तिथेच रस्त्यावर गुडघ्यांवर बसली, ठकीच्या उंचीला आली आणि त्या मुठीच्या वर, रिकाम्या जागेकडे बघत सावकाश बोलली.

"मी आहे ना आता. तुम्ही बसा."

काही वेळ काहीच झालं नाही. घंटी वाजली कुठेतरी.

मग मूठ उघडली. एकेक बोट सुटत गेलं. ठकीची मान हळूहळू वळत गेली, कुणी सावकाश पुढे जात असावं तशी. बाकावरच्या पारव्यांत खळबळ झाली. ते उडाले नाहीत. अर्धे इकडे सरकले, अर्धे तिकडे, आणि बाकाच्या मधोमध एका माणसापुरती जागा झाली.

ठकीनं त्या जागेकडे बघून हात हलवला.

७

ती घरी आली तेव्हा नवरा होता तिथेच होता. स्पीकरच्या जाळीवर तळहात टेकून बसलेला, तापलेल्या माणसाच्या छातीवर ठेवावा तसा. चेहरा ओला होता, आणि तो पुसायचं त्याच्या ध्यानात नव्हतं.

ठकीला तिनं उंबऱ्यातच खाली सोडलं. पोरीनं इकडेतिकडे बघितलं, हात कुणाकडे वर केला नाही, आणि डुलत डुलत बापापर्यंत चालत गेली. त्यानं तिला पोटाशी धरलं.

"जिना उतरताना तिघांची पावलं ऐकली मी," तो म्हणाला. "येताना फक्त तुझीच आली."

तिनं मान हलवली.

मग त्यानं सुई उचलली. दोघांनी मिळून यंत्र बाजूला धरलं, गोळ्यांवर लादी सारली, वर यंत्र ठेवलं. त्यानं पाणसळ आणली आणि बुडबुडा मधोमध येईपर्यंत स्क्रू फिरवत राहिला. सकाळपासून भिंतीला टेकलेली ती लादी हाताला थंड लागत होती. तिनं तिच्यावरून एकदा तळवा फिरवला, कुणाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

बाबांनी निवडून ठेवलेली रेकॉर्ड थाळीवर फिरू लागली. सुईचं टोक जरा झिजलं होतं, तरी सूर लागले. ठकी खोलीभर दणदण चालत होती, पडत होती, उठत होती, फळ्या हादरवत होती. सुई हलली नाही.

ती ओट्याशी गेली, भाजी पुढ्यात घेतली आणि चिरायला बसली. मागच्या खोलीतलं स्टूल दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं स्वतः उचललं आणि ओट्यापाशी आणून ठेवलं. त्यावर बसून काम करायला बरं पडतं.